पोराचं फर्स्ट, पोरीचं सेकंड

(सुरत, गोडादरा. दुपारची जेवणं आटोपली आहेत. खानावळीत आता तिघंच.)

भिकन : वाईट अर्थाने नाही बोललो अक्का. पोराचं फर्स्ट, पोरीचं सेकंड, एवढंच म्हटलं. जे आहे ते आहे.

गोजराबाई : तू जेव आधी. तोंडात घास असला म्हणजे माणूस कमी बोलतो. नीला, भिकनमामाला आणखी एक भाकरी वाढ.

नीला : कळण्याची संपली आत्या. ज्वारीची देऊ?

भिकन : दे, कोणतीही दे. बघा अक्का, मी मनात काही ठेवत नाही. काशीराम माझा सख्खा भाचा. गावाहून आला तेव्हापासून तुमच्याच खानावळीत जेवतो. त्याने मला पाठवलं, म्हणाला, मामा, अक्कांच्या नीलाला मागणी घाल. आता विधवा सुनेला तिच्या सासूकडेच मागणी घालायची, हे काम मी जन्मात केलं नव्हतं. पण केलं, आणि तुम्ही हो म्हटलंत. मग राहिलं काय?

गोजराबाई : राहिलं ते सेकंड. हा शब्द तू आणला कुठून, ते सांग.

भिकन : आणायचा कुठून, मिलमध्ये दिवसभर तोच चालतो. मी पांडेसऱ्याला फोल्डिंगला बसतो ना. साडी छापून येते, ती टेबलावर पसरायची आणि बघायची. डाग नाही, धागा तुटला नाही, रंग फाकला नाही, तर माल फ्रेश. कुठे जरा काही दिसलं की सेकंड. फ्रेशची थप्पी इकडे, सेकंडची तिकडे.

गोजराबाई : आणि तिकडच्या थप्पीचं काय करतात?

भिकन : विकतात ना. फेकतात थोडीच. सेठ तो माल किलोवर काढतो. बाहेरगावचे व्यापारी नेतात, बाजाराच्या दिवशी हातगाडीवर ढीग लावतात.

गोजराबाई : बरं. म्हणजे माझी सून किलोवर.

भिकन : अरे देवा. अक्का, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.

गोजराबाई : दोन यत्ता झाल्या आणि बापाने शाळा सोडवली. तिसरीत गेले असते तर तुझी धडगत नव्हती.

नीला : आत्या, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. सेकंड म्हणजे नुसतं दुसरं. त्यात वाईट काही नाही.

गोजराबाई : तू मध्ये बोलू नको. बरं, बोल. तू दहावीपर्यंत गेलीस, तुला कळतं. वाईट नाही तर सांग, आणखी कुठे कुठे म्हणतात सेकंड?

नीला : सेकंड शिफ्ट असते. मामा आता तिलाच जातील.

गोजराबाई : ती मला माहीत आहे. सेकंड शिफ्टवाले सुटून येतात तोवर भाजीतले वांग्याचे तुकडे गेलेले असतात, त्यांच्या वाटीत नुसता रस्सा. पुढे.

नीला : गाडीचा सेकंड क्लास.

गोजराबाई : अमळनेरपर्यंत बोचक्यावर बसून जायचं, आणि लोक आपल्याला ओलांडून जाणार. पुढे.

नीला : सेकंड हँड.

भिकन : हां, ते बघा. काशीरामने सेकंड हँड स्कूटर घेतलीय. काय पळते म्हणून सांगू.

गोजराबाई : पळते. उधन्याच्या फाटकापासून हा तिला ढकलत आला होता माझ्या दारापर्यंत. घामाने निथळत होता. मी आधी ताक दिलं, मग हसले. नीला, शोध, शोध. कुठे चांगला आहे का हा शब्द?

नीला : घड्याळात आहे. सेकंदाचा काटा. तो सारखा चालत असतो. बाकीचे दोघं आपले बसल्यासारखे दिसतात.

गोजराबाई : हा बरा आहे. ह्या घरासारखाच, बसायला फुरसत नाही.

भिकन : आता नाव सोडा, कामाचं बोलू. मला मिलमध्ये पोचायचंय. माझ्या बहिणीचा, काशीरामच्या आईचा निरोप आलाय अमळनेरहून. उषाबाई तयार आहे. पोरगाच हटून बसला म्हटल्यावर आई तरी काय करणार? फक्त म्हणते, रीत सांभाळा.

गोजराबाई : कोणती रीत?

भिकन : आपल्यातली. विधवेचं पुन्हा लग्न म्हणजे गंधर्व, तो लागतो रात्री. घरची चार माणसं, एक भटजी. वाजंत्री नाही, पंगत नाही. उजाडायच्या आत पोरगी नव्या घरात गेली पाहिजे. त्या रात्री सवाष्णी तिचं तोंड बघत नाहीत, म्हणून गुपचूप न्यायची. हे काही मी नाही काढलेलं. आपल्या आज्याच्या आज्याने काढलेलं आहे.

गोजराबाई : त्याने काढलं असेल. त्याला दिवसा शेतात काम असेल.

भिकन : तुम्ही थट्टा करता.

गोजराबाई : थट्टा नाही. ऐक आता नीट. माझ्या पोराचं लग्न झालं तेव्हा हिला मी वाजतगाजत आणली. अख्ख्या गल्लीला डाळबट्टी घातली, तूप हात आखडून वाढलं नाही. पुढे प्लेगच्या साली अर्धं सुरत बोचकी घेऊन पळालं. माझा पोरगा पळाला नाही, म्हणाला, आई, खानावळ कोण बघेल? त्याला काही झालं नाही. प्लेगातून वाचला आणि काविळीने गेला. त्यात हिने काय केलं? हिने कोणाच्या घरात चोरी केली, म्हणून चोरासारखी अंधारात जाईल?

नीला : मी वांगी बघते. जळतील.

गोजराबाई : जळू दे. बस इथेच.

भिकन : चूक कोणाची नाही अक्का. पण उषाबाई घाबरते. एकुलता एक पोरगा. विधवेशी लग्न केलं आणि उद्या त्यालाच काही झालं तर, हे तिच्या डोक्यातून जात नाही. जेवण जात नाही तिला. म्हणून तर म्हणते, आधी रुई लावा.

गोजराबाई : काय लावा?

भिकन : रुई. मारुतीला पानं वाहतो ना, ते झाड. पोरगा बिनलग्नाचा आणि पोरगी विधवा, असं असलं की आधी पोराचं लग्न रुईशी लावायचं. मग गंधर्व. म्हणजे जे काही वाईट वाटेत उभं असेल ते झाडावर जातं.

गोजराबाई : ऐकून होते मी. बघितलं कधी नाही. कसं लावतात? सावकाश सांग. ठेचा घे आणखी.

भिकन : कसं म्हणजे, लग्नासारखं लग्न. कोसाडच्या बाजूला मोकळ्या जागेत रुई माजलीय, त्यातली एक चांगली सरळ बघून ठेवलीय मी. सकाळी जायचं. पोराला हळद, डोक्याला बाशिंग. झाडालाही हळद लावायची, पिवळं फडकं नेसवायचं. मध्ये आंतरपाट. भटजी मंगलाष्टका म्हणतो. मग झाडाला मंगळसूत्र बांधायचं, अक्षता टाकायच्या.

गोजराबाई : सकाळी. म्हणजे उजेडात.

भिकन : उजेडातच. अंधारात रुई सापडायची कशी? त्या रानात साप असतात.

गोजराबाई : वाजंत्री?

भिकन : असते थोडी. एक ताशा, एक सनई. पहिलं लग्न ना त्याचं, आईला हौस असते.

गोजराबाई : आणि जेवण?

भिकन : उषाबाई शिरापुरी करायची म्हणते. आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं?

गोजराबाई : सवाष्णी त्या झाडाचं तोंड बघतात का?

भिकन : झाडाला तोंड कुठे असतं अक्का? ओवाळतात मात्र.

गोजराबाई : ऐकलंस का नीला? झाडाला ताशा. झाडाच्या लग्नाला शिरापुरी. झाडाला पाच सवाष्णी ओवाळणार. आणि माझ्या सुनेला अंधार.

भिकन : तुम्ही असं शेजारी शेजारी ठेवलं की ते तसं दिसतं.

गोजराबाई : दिसतं ना? बरं, पुढे त्या रुईचं काय होतं? काशीरामच्या मागे स्कूटरवर बसून घरी येते?

भिकन : नाही हो. तोडतात तिला. लग्न लागलं की लगेच.

गोजराबाई : म्हणजे मेली.

भिकन : मेलीच म्हणायची.

गोजराबाई : म्हणजे काशीरामची बायको मेली.

भिकन : बायको कसली, झाड ते.

गोजराबाई : मंगळसूत्र कोणी बांधलं? काशीरामने. अक्षता कोणी टाकल्या? तुम्ही सगळ्यांनी. भटजी दक्षिणा घेणार का सोडणार?

भिकन : तो कशाला सोडेल?

गोजराबाई : मग ती बायकोच. आणि ती मेली. आता पहिली बायको मेली आणि माणूस पुन्हा बोहल्यावर चढला, तर त्याला आपल्यात काय म्हणतात?

भिकन : पाणी दे ग नीला जरा.

नीला : घ्या. बिजवर म्हणतात, आत्या.

गोजराबाई : बिजवर. म्हणजे न्याहारीच्या वेळेला तुझा भाचा बिजवर झाला. आता ह्याचं फर्स्ट कुठे राहिलं? तुझ्या टेबलावर पसर आणि सांग मला, कोणत्या थप्पीत टाकतोस.

नीला : मामा, हळू. ठसका लागेल.

भिकन : लागला. आजपर्यंत हे कोणी काढलं नव्हतं.

गोजराबाई : आजपर्यंत रीत सांगायला पुरुष बसले, आणि आम्ही आत भाकऱ्या थापत होतो.

भिकन : पण अक्का, एक सांगू का, रागावू नका. बिजवर असला तरी तो पुरुष. तुमच्या मामेभावाचं दुसरं लग्न झालं ते दिवसाच झालं. बँड होता. त्याची पहिलीची पोरं मांडवात खेळत होती. कोणी काही बोललं नाही.

गोजराबाई : नाही बोललं. तू पण जिलबी खाऊन आलास. मिलमध्ये असाच माल तपासतोस का रे? सारखाच डाग, ह्या साडीवर पडला तर फ्रेश आणि त्या साडीवर पडला तर सेकंड?

भिकन : असं केलं तर सेठ दुसऱ्या दिवशी हाकलून देईल मला.

गोजराबाई : मग तुझ्या सेठला आपल्या आज्याच्या आज्यापेक्षा जास्त कळतं.

भिकन : म्हणजे रुई नको म्हणता तुम्ही? ते मी उषाबाईला नाही सांगू शकणार अक्का. ती हाय खाईल.

गोजराबाई : मी कुठे म्हटलं रुई नको? रुई लाव. उषाबाई आई आहे. तिच्या जिवाला धास्ती आहे, ती काही माझ्या तोंडाच्या पट्ट्याने जायची नाही. झाडाने जात असेल तर जाऊ दे. रुई तिची. पण मग माझ्या पोरीला उजेड पाहिजे.

भिकन : आता पोरगी म्हणता, मघाशी सून म्हणत होता.

गोजराबाई : तू जेवणाकडे लक्ष दे.

भिकन : मी काय म्हणतो, तिला तरी विचारा. लग्न तिचं आहे. तिला रात्री चालत असेल, तर तुम्ही का अडून बसलात?

गोजराबाई : तिला काय विचारायचं? मला माहीत आहे तिच्या मनातलं.

नीला : विचारा ना आत्या. अजून कोणी विचारलं नाही मला. तुम्हीही नाही.

गोजराबाई : मी नाही विचारलं? काशीराम जेवण झाल्यावर आपलं ताट आपण धुवायला लागला, तेव्हा ह्या घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? खानावळीत कोणता बाप्या ताट धुतो? मी ओळखलं, मी गप्प बसले, ह्या भिकनला येऊ दिलं, हो म्हटलं.

नीला : ओळखलंत. विचारलं नाही.

भिकन : मी बाहेर जाऊन बसू का?

गोजराबाई : बस तिथेच. बरं बाई. विचारते. तुला काशीराम पाहिजे?

नीला : पाहिजे.

गोजराबाई : थोडं लाजायचं तरी, मामा बसलेत समोर.

नीला : तुम्ही विचारलंत, मी सांगितलं.

गोजराबाई : आणि रात्रीचं? हे म्हणतात तसं? चालेल?

नीला : पहिल्या लग्नात माझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या, डोक्यावर शालू, मान खाली. मला फक्त पाय दिसले. उजव्या अंगठ्याला पट्टी होती. हार घातला तो त्या पायांकडे बघत, अंदाजाने. तोंड बघितलं ते दुसऱ्या दिवशी, चहा देताना. चांगलं होतं तोंड. पण मग बघायला फार मिळालं नाही.

गोजराबाई : तेव्हा लूमवर कामाला जायचा तो, तिथलं काहीतरी पायावर पडलं होतं. लग्नाच्या आठवड्यातच. मी किती बोलले होते त्याला.

नीला : ह्या वेळी हार घालताना मला समोरच्याचं तोंड बघायचंय. बाकी मला काही नको. ताशा नको, शिरापुरी नको. अंधारात ते कसं दिसेल, तेवढं मामांनी सांगावं. मग मी रात्री तयार आहे.

भिकन : नाही दिसायचं, पोरी.

गोजराबाई : मग झालं तर. हात धू, जा.

भिकन : तसं नाही. उषाबाईला काय सांगू ते तर सांगा. एसटीडीवर एवढं सगळं कसं बोलायचं, मागे माणसं उभी असतात, कान देऊन.

गोजराबाई : थोडक्यात सांग. म्हणावं, रुई तुमची, मांडव गोजराबाईचा. सकाळी कोसाडला झाडाचं उरका आणि त्याच ताशावाल्याला घेऊन थेट गोडादऱ्याला या. मुकाट्याने नाही, वाजवत या. ऊन डोक्यावर यायच्या आत माझ्या दारात लग्न लागेल आणि मागोमाग पंगत बसेल. शिरापुरी राहू दे, डाळबट्टी मी घालेन.

भिकन : आणि सवाष्णी?

गोजराबाई : ज्यांना तोंड बघायचं नाही त्यांनी पंगतीलाही बसू नये. बघू किती उठतात. आणि उषाबाईला म्हणावं, तुम्ही आदल्या दिवशीच या आणि सगळ्यांच्या आधी बघा हिला. मी रोज सकाळी उठून हिचंच तोंड बघते. काही झालं का मला? धडधाकट आहे.

भिकन : ते तर दिसतंय. पण समजा, नाहीच म्हणाली तर?

गोजराबाई : तर मामा-भाच्यांचा डबा बंद. मिलच्या कँटीनला जेवा.

भिकन : तिथे डाळीत गूळ टाकतात अक्का. भाजीतही टाकतात.

गोजराबाई : म्हणून म्हणते, नीट समजावून सांग.

भिकन : ऐकेल ती. मी मोठा आहे तिच्याहून. आणि खरं सांगू का, मी निघताना काशीराम म्हणालाच होता, मामा, अक्का दिवसा म्हणतील तर तुम्ही हो म्हणून या, आईला मी बघतो.

गोजराबाई : असं म्हणाला तो?

भिकन : असंच.

गोजराबाई : मग इतका वेळ तू काय करत होतास रे?

भिकन : जेवत होतो. आणि मुलाकडची बाजू एकदम सोडून कशी द्यायची? लोक म्हणतील, मामा ढिला आहे. बरं, निघतो. नीला, ताट राहू दे, मीच धुतो.

गोजराबाई : ठेव ते खाली. गल्ली बघतेय, भलतंच समजतील.

भिकन : आवजो, अक्का.

गोजराबाई : ये. आणि तो सेकंड मिलमध्येच ठेवून येत जा, चपलांसारखा. माझ्या उंबऱ्याच्या आत नको.

नीला : गेले. आत्या, तुम्ही फार बोललात त्यांना. घाम फुटला होता.

गोजराबाई : तो ठेच्याचा. भिकनचं पोट मोठं आहे, सगळं मावतं त्यात.

नीला : मी गेल्यावर भाकऱ्या कोण थापेल?

गोजराबाई : गल्लीत बायका कमी आहेत का? दत्तूची बायको कधीची विचारतेय. तिच्या भाकरीच्या कडा फाटतात, पण येईल हळूहळू हातात.

नीला : तुम्ही तिला ओरडाल.

गोजराबाई : ओरडणारच. तुला काय आरती करून शिकवलं होतं?

नीला : आणि आखाजीला?

गोजराबाई : आखाजीला काय?

नीला : काही नाही. असंच.

गोजराबाई : अर्धं बोलायची सवय कोणी लावली तुला? बोल.

नीला : आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात. झोके बांधतात. न्यायला कोणाचा भाऊ येतो, कोणाचा काका. माझ्या दादाने तर सांगून टाकलंय, एकदा दिली, आता तिचं ती बघेल. काशीरामच्या पांडेसऱ्याच्या चाळीत सगळी खानदेशातलीच माणसं. दारोदार असे न्यायला आलेले मुऱ्हाळी दिसतील. शेजारणी विचारतील, तुझा मुऱ्हाळी कोण? काय सांगायचं, ते ठरवत होते.

गोजराबाई : वांगी उतरवलीस का?

नीला : केव्हाच.

गोजराबाई : सोलून ठेव. गार झाल्यावर साल निघत नाही.

नीला : सोलतेय.

गोजराबाई : बाईने मुऱ्हाळी जाऊ नये, असं कुठे आहे का?

नीला : कुठे आहे ते माहीत नाही. पण गेलेली ऐकली नाही कधी.

गोजराबाई : मी येईन. आदल्या दिवशीच येईन. तू पिशवी भरून तयार राहा, मला बसवून ठेवू नको. खानावळ टाकून येणार आहे मी.